न खेळलेले सामने

भारतीय महिला फुटबॉल संघाच्या सामन्यांची नोंदवही मी दोन वर्षं ठेवत होतो, आणि तोवर फुटबॉलचा एकही सामना मी पुरता पाहिलेला नव्हता. माझी बायको ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. पावसाची नोंद ठेवणारा माणूस भिजलाच पाहिजे असं थोडंच आहे?

छत्तीसगढ राज्य तेव्हा नवीन होतं. मंत्रालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं, आणि आमच्या खोलीच्या भिंतीवर खाटांचे नंबर अजून दिसत होते. माझं काम आकड्यांचं. जुन्या राज्याच्या तक्त्यांतून आमच्या वाट्याला आलेल्या जिल्ह्यांच्या ओळी वेगळ्या काढायच्या, बेरजा नव्याने करायच्या, आणि बेरीज जुळली नाही तर का जुळली नाही ते खाली लिहायचं. दिवसभर हे केल्यावर घरीही अपुरा तक्ता सहन होत नाही.

मुलगी तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या मुलींच्या संघात खेळायची. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात तिने कपाटाच्या दारावर एक कात्रण चिकटवलं. महिला संघाने कुठलासा सामना जिंकला होता. बातमी तीन ओळींची, फोटो नाही. मी सहज विचारलं, आतापर्यंत या संघाने किती सामने खेळले, त्यातले किती जिंकले?

"पता नहीं बाबा. किसी को नहीं पता," ती म्हणाली. आम्ही नवरा-बायको घरी मराठीच बोलतो. मुलीला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

कोणालाच माहीत नाही हे काही मला पटेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि रकाने आखले. तारीख, ठिकाण, समोरचा देश, आपले गोल, त्यांचे गोल, निकाल, बातमी कुठे मिळाली. दर रविवारी सकाळी मी वाचनालयात जाऊन आठवड्याची वर्तमानपत्रं चाळायचो. हिंदी, इंग्रजी, आणि नागपूरहून येणारं एक मराठी. पुरुषांच्या संघाला अर्धा रकाना असायचा. आमच्या मुली बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात, निविदेच्या जाहिरातीला चिकटून. कधी दोन वर्तमानपत्रांत दोन वेगळे निकाल यायचे. तेव्हा मी दोन्ही पेन्सिलीने लिहायचो. माहिती मिळाली नाही तर जागा रिकामी सोडायचो, शून्य लिहायचो नाही. शून्य म्हणजे गोल झाला नाही. रिकामी जागा म्हणजे मला ठाऊक नाही.

एकदा मुलगी सोबत आली असताना जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात आम्हाला असं सापडलं की फार पूर्वी आपल्या मुली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या होत्या. मुलीने ती ओळ तिथेच मोठ्याने वाचली. वाचनालयाच्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं, आणि ओरडायच्या ऐवजी विचारलं, "सच में?"

या वहीत माझ्याकडून एक घोडचूक झाली. एका सामन्याची "उद्या होणार" अशी बातमी मला मिळाली. पुढे निकालाची बातमी कुठेच दिसली नाही, पण आठवड्याने "संघ पराभूत होऊन परतला" अशी ओळ आली. मी त्या सामन्यासमोर पराभव लिहून मोकळा झालो. महिन्याभराने मुलीने मैत्रिणीकडून एक क्रीडा मासिक आणलं आणि माझ्यासमोर उघडून धरलं. तो सामना झालाच नव्हता. समोरचा संघ पोचलाच नव्हता. आपण हरलो होतो तो सामना दुसराच.

जो सामना आपल्या मुली खेळल्याच नाहीत त्यात मी त्यांना हरवून बसलो होतो. मी तांबड्या शाईने ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि एक नवा रकाना वाढवला: "प्रत्यक्ष खेळला गेला काय?"

बायकोने पोळ्या लाटता लाटता वही पाहिली. "पोट्ट्याईच्या क्रिकेटले असा रकाना लागते काय?" ती म्हणाली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शाळेची सूचना आली. पुढच्या सत्रापासून मुलींचं फुटबॉल बंद, तो तास संगणकाला. कारण स्पष्ट लिहिलं होतं: तीन वर्षांची कामगिरी असमाधानकारक. सतरा सामने, विजय दोन, बरोबरी तीन, पराभव बारा. कोणा पालकाला काही म्हणायचं असेल तर येत्या शनिवारी प्राचार्य मॅडमना भेटावं.

मुलगी रडली नाही. बूट धुऊन तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकायला निघाली. बायकोने ते हातातून काढून घेऊन पुन्हा दाराशी ठेवले. मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

माझं काम काय ते मला समजलं. मुलीने खेळाच्या सरांकडून स्पर्धांची फाईल मागून आणली. सर भला माणूस होता, फक्त कागद उलटसुलट लावायचा. मी सतरा निकालांच्या चिठ्ठ्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या आणि आधी दोन विजय पाहिले. दोन्ही तीन-शून्य. दोन्हींच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "वॉकओव्हर". म्हणजे समोरची शाळा आलीच नाही, आणि नियमाप्रमाणे आमच्या मुलींना तीन-शून्य असा विजय बहाल झाला.

मी दोन्ही चिठ्ठ्या बाजूला काढल्या.

"ये क्या कर रहे हो?" मुलीने विचारलं.

मी सांगितलं की हे सामने खेळलेच गेले नाहीत, तेव्हा ते मोजता येत नाहीत. देशाच्या संघासाठी जो नियम, तोच तुमच्यासाठी.

तिने त्या दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या. "दो ही तो जीते थे, बाबा. वो भी आपने काट दिए."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बायकोमार्फत बोलली. मीठ मागायचं तरी, "मम्मी, बाबा से बोलो नमक इधर दें." बायकोही तिच्याच बाजूची. तिचं म्हणणं एवढंच की मी कोर्टात उभा राहणार नाही, शाळेत जाणार आहे, आणि दोन सामने यादीत राहिले तर आभाळ कोसळणार नाही. "तुमी शून्य घेऊन जाऊन राहिले काय मॅडमकडे?" तिने विचारलं. "पोट्टीचा जीव आहे त्या खेळात. त्याईनं विचारलं किती जिंकले, तर काय सांगसान?"

शून्य सांगीन, असं मी म्हणालो. पण ते म्हणताना मला फारसं बरं वाटत नव्हतं. ऑफिसात एका बेरजेत दोनदा चुकलो.

गुरुवारी संध्याकाळी मी पराभवांकडे वळलो. बारा चिठ्ठ्या. पहिल्या वर्षी शून्य-सात, एक-सहा, असे जड निकाल. पुढे शून्य-दोन, एक-दोन. आणि मधेमधे शून्य-तीन, खाली कुठलाही शेरा नाही. पुन्हा शून्य-तीन. मोजले तर पाच. तीन वर्षांत पाच वेळा अगदी तोच निकाल. खरे आकडे असे शिस्तीत येत नाहीत. ते विखुरलेले असतात. ऑफिसात एखाद्या तालुक्याने दर महिन्याला एकच आकडा पाठवला तर आम्ही ओळखतो की तिथे कोणी मोजायला गेलेलं नाही.

मी मुलीला हाक मारली आणि या पाच सामन्यांत काय झालं ते विचारलं. अबोला होता, पण तारखा पाहून ती बोललीच.

"इसमें? इसमें तो हम गए ही नहीं थे."

"का?"

एकदा शाळेची बस मुलांच्या क्रिकेट संघाला घेऊन गेली होती. दोनदा रविवार असल्यामुळे सोबत यायला कोणी शिक्षिका तयार नव्हती. एकदा घटक चाचणी. पाचव्या वेळी काय झालं ते तिला आठवेना. फक्त एवढं आठवत होतं की त्या सगळ्या बूट घालून फाटकाशी उभ्या होत्या, आणि दहा वाजता शिपायाने येऊन घरी जायला सांगितलं.

"तू काहून नाही सांगितलं आधी?"

"आपने पूछा कब? और फ़ाइल में तो हार ही लिखा है."

मी त्या पाच चिठ्ठ्या उचलून आधीच्या दोनांवर ठेवल्या. आता जमिनीवर दहा उरल्या. विजय शून्य, बरोबरी तीन, पराभव सात. मुलगी माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिने हुशारीने सुचवलं की हरलेल्या पाच काढल्या ते ठीक, जिंकलेल्या दोन परत ठेवू या. मी नाही म्हणालो. या वेळी ती चिडली नाही. तिने चिठ्ठ्या वर्षवार लावल्या, आणि तिन्ही बरोबऱ्या शेवटच्या वर्षातल्या आहेत हे माझ्याआधी तिला दिसलं.

शनिवारी मी तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून नेला. नमुना म्हणून देशाच्या संघाची वहीही घेतली. मॅडम स्वतः गणित शिकवायच्या, कमी बोलायच्या. तक्ता पाहून त्यांनी आधी तेच विचारलं ज्याची मला भीती होती.

"आपने तो इनकी जीत भी काट दी?"

मी सांगितलं की ते सामने झालेच नव्हते. आणि मग बोट खाली सरकवलं, त्या पाचांवर. हेही झाले नव्हते.

त्यांनी प्रत्येक तारखेसमोरचं कारण वाचलं. मग शिपायाकडून खेळाच्या सरांना बोलावलं आणि एकेक तारीख विचारली. बस, रविवार, चाचणी, रविवार. सर प्रत्येक वेळी "जी मैडम" म्हणत होते. पाचव्या तारखेला तेही अडखळले. मग हळूच म्हणाले की त्या दिवशी ते स्वतः विसरले होते.

मॅडमनी माझी वही ओढून घेतली आणि पानं उलटली. इतक्या जागा रिकाम्या का, असं विचारलं. मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, देशाच्या मुली इतके सामने खेळतात हेच त्यांना माहीत नव्हतं. मग पेनाचं टोपण लावून सरांना म्हणाल्या, "ये पाँच तो हमारे नाम लिखिए, लड़कियों के नहीं."

संघाला आणखी एक वर्ष मिळालं. पण रविवारचा प्रश्न तसाच होता, आणि तो त्यांनी माझ्याकडे वळवला. कोणी शिक्षिका येणार नसेल तर पालक चालतील, जोडीने आले तर उत्तम. मी हो म्हणून बसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की हे तिला न विचारता ठरवलं, आणि लगेच किती मुली आहेत ते विचारून मुरमुऱ्यांचा हिशोब करू लागली.

पहिला सामना भिलाईला होता. रविवारी सात वाजता बस फाटकातून निघाली तेव्हा मुलींनी एवढा आरडाओरडा केला की मला वाटलं कोणीतरी मागे राहिलं. मी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलो, मांडीवर वहीचं कोरं पान, घड्याळ काढून हातात. फुटबॉल फार भराभर चालतो हे मला तेव्हा कळलं. चेंडू बाहेर गेला, पंचाने शिट्टी फुंकली, कोणी पडलं, सगळं लिहायचं तर हात पुरेना. पहिल्या अर्ध्यात आमच्यावर दोन गोल झाले. ते मी वेळेसकट लिहिले.

दुसऱ्या अर्ध्यात मी एका फाऊलचं मिनिट लिहीत होतो, तेव्हा एकदम गलका झाला. मान वर केली तर आमच्या सगळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, आणि बायको खुर्ची सोडून चुन्याच्या रेषेच्या आत गेलेली. पंच तिला बाहेर काढत होता.

ती परत आल्यावर मी विचारलं, "कोणी मारला?"

"तुमच्या पोट्टीनं," ती म्हणाली. "अन् तुमी मान खाली घालून लिहून राहिले होते."

मी वही मिटली आणि उरलेला सामना नुसता पाहिला. त्यामुळे त्या सामन्याच्या शेवटच्या पंचवीस मिनिटांची कुठलीही नोंद माझ्याकडे नाही. अंतिम निकाल एक-दोन, पराभव. एवढं नक्की आहे, कारण तो फळ्यावर लिहिला होता.

परतताना मुली सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुराइतक्या काळ्या झाल्या होत्या आणि भिलाईपासून गात होत्या. मुरमुरे पुढून मागे आणि मागून पुढे फिरत होते. माझी मुलगी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गुडघ्यावर उभी राहून ताल धरत होती. ड्रायव्हर जवळच्याच गावचा, छत्तीसगढीत बोलणारा, मुलींना "नोनी" म्हणणारा. कुम्हारी गावाच्या पुढे त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"का नोनी, जीत गेव?"

"नहीं भैया, हार गए."

"त अतेक हल्ला काबर?" एवढा गोंधळ मग कशाचा, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

"खेले ना, भैया," ती म्हणाली, आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली.