गुणसूत्रांचे सर

"एक धागा तोडून येतो," असं म्हणून सर स्टाफरूममधून उठायचे, सिगारेट अंगठ्याच्या नखावर ठोकायचे आणि सायकल स्टँडकडे निघायचे. मंगरूळपीरच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत, मी मराठी.

त्यांच्या वर्गाबाहेरून गेला असता, तर तुम्हीही थांबला असता. गुणसूत्र म्हणजे पेशीतला धागा, हे ते शर्टाचा सुटलेला दोरा ओढून दाखवत. सिगारेटच्या धुरानं हा धागा तुटतो, पेशी तो पुन्हा जोडते. कधी मात्र भलत्याच टोकाला जोडते, आणि मग ती पेशी कोणाचं ऐकत नाही. पोरं खाली मान घालून हसत. सरांच्या खिशातलं पाकीट सगळ्यांना दिसायचं.

एवढं समजतं तर ओढता कशाला, असं मी एकदा विचारलं.

"भाऊ, समजनं डोक्यात रायते. तलफ दुसरीकडं रायते."

मग खोकला आला, तो गेला नाही. अकोल्याला तपासणीत फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सिगारेट त्या दिवशी सुटली. केमोच्या सलाइनच्या दिवशी सोबत मी जायचो. बाटलीवरचं नाव वाचून ते म्हणाले, हे औषधही धागेच तोडतं; भराभर वाढणाऱ्या पेशींचे जास्त, म्हणून केस जातात. वर्गात सांगावं तसं सांगितलं. मी हो म्हणालो.

त्यांची मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. सलाइन चालू असताना डॉक्टर आले, तेव्हा सरांनी स्वतःबद्दल काही विचारलं नाही.

"पोरीच्या जन्माआधीपासून ओढून राह्यलो होतो. माहं तुटलेलं तिच्यात गेलं असन का?"

फुप्फुसातलं फुप्फुसातच राहतं, डॉक्टर म्हणाले. बाकीचं नक्की सांगता येत नाही. सरांनी मान हलवली.

नातू झाला, ठणठणीत. सरांनी त्याला हातात घेतलं नाही. दारातूनच पाहिलं. कपड्यांना अजून वास असन, म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत ते गेले.

कॉलेज उघडल्यावर त्यांच्या तासाला मला पाठवलं. प्रयोगशाळेच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवलेले होते. मुळांतली गुणसूत्रं मुलांना दाखवायची म्हणून सुट्टीआधी त्यांनीच ते मांडले होते. पाणी आटलं होतं, मुळं तळाला टेकली होती. मी हजेरी घेतली, ग्लासांत पाणी घातलं आणि खुर्चीवर बसलो.