भांडणाचाही जॉनर विचारणारे मामा

कोणत्याही घटनेचा जॉनर ठरल्याशिवाय तिच्यावर हसायचं की रडायचं, हे न ठरवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. जळगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मामा धुळ्याच्या काही हौशी मंडळींसाठी खानदेशी बोलीतले छोटे सिनेमे लिहितात. ते मोबाईलवर बघितले जातात आणि गावोगावचे लोक मामांना आबा म्हणून ओळखतात. जॉनर, म्हणजे सिनेमाचा प्रकार, हा शब्द मामांच्या तोंडात इतका असायचा की मामींना बरेच महिने वाटत होतं, हे जवळच्या जामनेर गावाबद्दलच बोलताहेत आणि तिथे यांनी गुपचूप प्लॉट घेतलाय.

मामांचं म्हणणं असं, की हसायचंय की घाबरायचंय हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळलं पाहिजे. त्याला हवं ते द्यायचं, पण त्याला वाटलं होतं त्या वाटेने नाही. हा नियम ते सिनेमापुरता ठेवते तर प्रश्न नव्हता. एकदा शेतातल्या भरीत पार्टीत शेजारचे नाना सांगू लागले की काल विहिरीवर पायाशी नाग निघाला. मामांनी त्यांना तिथेच थांबवलं. नाग पहिल्याच वाक्यात काढलात, आता आम्ही भ्यायचं कधी, असं म्हणून त्यांनी नानांना गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. नानांनी बिचाऱ्यांनी सांगितलीही, आणि दुसऱ्या खेपेला ते स्वतःच घाबरले. मामींशी भांडण झालं तरी मामा मध्येच विचारायचे, हे कौटुंबिक आहे की विनोदी? त्यावर मामी जे बोलायच्या त्याला कोणताच जॉनर नसायचा.

अशा घरात मागच्या वर्षी माझ्या मामेबहिणीने सकाळच्या चहाला सांगितलं की तिला तिच्या कॉलेजातल्या मित्राशी लग्न करायचंय. मुलगा भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला, बौद्ध कुटुंबातला, धुळ्यात इंजिनियर. मामा उठून गच्चीवर गेले, आणि त्या दिवसापासून घरात बोलणंच बंद झालं. मामींनी मला धुळ्याहून जळगावला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा त्या मामांना शांतपणे सांगत होत्या, “इतला सिनेमा लिखेल शे तुम्हीन. एखादा बाप तरी शहाणा लिखेल शे का?”

मामा मला गच्चीवर घेऊन गेले. समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाले, “हा बाप मी किती वेळा लिहिला असेल. दारात उभा राहून ओरडतो आणि शेवटी रडतो. मधे त्याला काय होतं, ते कधी लिहिलंच नाही मी.”

“काय होतं, मामा?”

“लोकांची भीती वाटते. आणि तशी वाटते याची लाज वाटते. ओरडायचं तर सुचतच नाही.”

फोनवर कळवून दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते दीपनगरला गेले. मुलाचे वडील वीज केंद्रातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. त्यांनी दार उघडलं, पण चेहरा ताठच ठेवला. चहा झाल्यावर ते म्हणाले, “आम्हाला वाटलं, भांडायला आलात. कालपासून उत्तरं पाठ करतोय.” मामांनी सांगितलं की आपण वाटेत एकही वाक्य तयार केलेलं नाही. मग काय बोलावं ते दोघांनाही कळेना, म्हणून मामांनी विचारलं की तुम्हाला सिनेमे कुठले आवडतात. गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले की मला कुठल्याही सिनेमात झोपच लागते. मामा इतके हसले की आतून मुलाची आई बघायला आली. त्या हसण्यात लग्न ठरलं, असं मी आजही सांगतो.

लग्न भुसावळला झालं. मामांकडचे काही नातेवाईक आले नाहीत. मामांनी त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि पंगतीत जाऊन स्वतः जिलेबी वाढायला लागले. व्याही ताट मांडीवर घेऊन पेंगत होते, त्यांना उठवून दोन जास्त वाढल्या.

आता लेक धुळ्यात आहे. सिनेमाच्या मंडळींशी चर्चा करायची आहे, असं सांगून मामा दर आठवड्याला धुळ्याला येतात, आणि मंडळी मला विचारतात की आबा हल्ली भेटत का नाहीत. येताना मामींनी केलेलं भरीत डब्यात असतं. लेकीकडे तासभर बसतात, जावयाशी चार शब्द बोलतात आणि परततात. परवा मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटायला अवकाश होता. खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले, “पोरगी घरी होती तेव्हा संध्याकाळी काही फार बोलायची नाही रे. आपली आतल्या खोलीत वाचत बसायची.”

त्यांनी रिकामा डबा मांडीवर नीट ठेवला, आणि गाडी हलली.