सातवी पट्टी

छोटीला सगळं सांगायचं काम ताईचं. पायरी आली, इथे खड्डा आहे, समोरून क्लबचा सेक्रेटरी येतोय, दात काढतोय, तूही जरा हस. छोटीच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलं होतं. कडेकडेचं काय ते दिसायचं, त्यामुळे समोरच्या जगाची खबर द्यायला कुणीतरी लागायचंच. ताई इमानेइतबारे सगळं सांगायची, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट चार वर्षं तिच्या पोटात होती. ताईसारख्या बडबड्या बाईने चार वर्षं तोंड मिटून काढली, म्हणजे काय हाल झाले असतील ते तुम्हीच बघा.

छोटी म्हणजे धाकटी बहीण. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, सात वेळा महिलांचं गोल्फ अजिंक्यपद जिंकली, तरी छोटीच. आणि जिंकली ती हौशी म्हणून, खेळावर एक पैसाही न घेता. बक्षिसं म्हणून मिळायचे ते ट्रे. चांदीचा मुलामा दिलेले, काठाला नक्षी असलेले. दोन खोल्यांच्या घरात एकवीस ट्रे! एकात कांदे, एकात शिवणाची रिळं, एकात बिलं. पाहुणे आले की ताई चहा आणायची तो मात्र साध्या थाळीत, कारण ट्रे रिकामा एकही नसायचा.

त्यांचे बाबा गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवायचे. सोमवारी मैदान बंद. त्या दिवशी नोकरांची पोरं खेळली तर कुणी हटकायचं नाही. कुणा मेंबराने रागाच्या भरात झाडावर आपटून वाकवलेली एक स्टिक बाबांनी ठोकून सरळ केली, आखूड कापली आणि घरी आणली. स्टिक एक आणि पोरी दोन. ताई बारा वर्षांची, छोटी नऊची. एक सोमवार ताईने मारलं, एक सोमवार छोटीने. मग ताईलाच कळून चुकलं. धाकटीचा बॉल सुटताना आवाजच वेगळा यायचा, टाच्चकन. ताईचा बॉल नुसता निघून जायचा. तिसऱ्या सोमवारी तिने स्टिक धाकटीच्या हातात दिली आणि स्वतः झुडपात बॉल शोधायला गेली. ती गेली ती जन्माचीच गेली म्हणा ना. पुढे बॅग आली, बॅगेत चौदा स्टिक आल्या, आणि ती बॅग बत्तीस वर्षं ताईच्या खांद्यावर राहिली. आठवडाभर ती शाळेचे गणवेश शिवायची आणि शनिवार-रविवार बॅग घेऊन चालायची. दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा स्पर्धा तोंडावर होती.

गोल्फमध्ये एक गोष्ट विचित्र आहे, ती आधी सांगते. तुमची स्टिक लागून किंवा गवत दाबून बॉल जागचा हलला, तर एक फटका दंड. बॉल उचलायचा, होता तिथे ठेवायचा आणि मग मारायचा. न ठेवता तसाच मारलात, तर दोन फटके दंड. आणि हे बघायला कुणी नसतं! मैदान केवढं, पंच एक. शेजारी असतो तो फक्त बरोबर खेळणारा. तो तुमचे फटके कार्डावर लिहितो, तुम्ही त्याचे, आणि शेवटी एकमेकांच्या कार्डावर सह्या. म्हणजे बॉल हलला हे ज्याचं त्यानेच सांगायचं.

छोटी एकोणीस वर्षांची असताना अशीच झाडाखाली उभी होती. बॉल हलला. मुंगीला तरी कळलं असेल की नाही देव जाणे. तिने हात वर केला आणि म्हणाली, "माझा बॉल हलला." अजिंक्यपद त्या एका फटक्याने गेलं. आणि बाबा? बाबा दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून करून प्रत्येक मेंबराला थांबवून सांगत होते, "आमची पोरगी हरली, ऐकलंत का?" माणूस जिंकल्यावर काय मिरवेल इतके मिरवले. त्याच वर्षी क्लबने तिला रोज खेळायची परवानगी दिली. दोन वर्षांनी ती पहिल्यांदा जिंकली.

पोटासाठी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मशीनवर काच धरायची, फ्रेमच्या मापाची करायची, केसाएवढ्या स्क्रूने बसवायची. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांची सोय केली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःचेच गेले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधला पडदा झिजतोय, याला काच नाही. छोटीने बाहेर येऊन ताईला बजावलं, "क्लबमध्ये बोलशील तर बघ!"

मग दोघींचं नवं तंत्र सुरू झालं. ताई कानाशी पुटपुटायची, "एकशे चाळीस पावलं, झेंडा डावीकडे, वारा तोंडावर." छोटी मान हलवायची आणि मारायची. बॉल पायाशी असला की मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. लोकांना वाटायचं लकब आहे. अशी ती एकोणपन्नासाव्या वर्षी सहाव्यांदा जिंकली, आणि पन्नासाव्या वर्षी सातव्यांदा.

ती सातवी वेळ.

शेवटच्या होलला शर्यतीत दोघीच उरल्या होत्या. छोटी आणि डॉक्टरीणबाई. या मुलांच्या डॉक्टर, हुशार, खेळही सुरेख, पण नशीब फुटकं. पाच वेळा दुसऱ्या आल्या होत्या, पाचही वेळा छोटीच्या मागे. छोटीचा बॉल होलच्या हिरवळीबाहेर उंच गवतात, उतारावर अडकला होता. भोवती लांबवर दोनेकशे माणसं, चिडीचूप. छोटीने बॉलमागे स्टिक टेकवली. गवत दबलं आणि बॉल अर्धा वळसा घेऊन खाली बसला.

ताईने स्वच्छ पाहिलं. ती वाट बघू लागली, आता छोटी हात वर करेल. छोटीने मान तिरकी केली, पाय रोवले. आणि ताईला कळलं. हिला दिसलंच नाही! बोलायला तोंड उघडलं होतं, अगदी "छो" ओठांवर आला होता. नुसतं "हलला" म्हटलं असतं तरी पुरे होतं. एक फटका दंड, बॉल जागेवर, आणि खेळ पुढे. पण बोललं तर सगळ्यांना कळणार, चॅम्पियनला पायाजवळचा बॉल दिसत नाही. हा शेवटचा आहे, ताईला वाटलं. हा आपल्या दोघींचा शेवटचा आहे. तिने तोंड मिटलं.

छोटीने मारला. बॉल उडाला, हिरवळीवर टेकला, घरंगळत होलमध्ये गेला. एका फटक्याने जिंकली. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर सही केली, हात मिळवला आणि निघून गेल्या. क्लबच्या हॉलमधल्या लाकडी फळीवर दरवर्षी जिंकणारीच्या नावाची पट्टी खाली खाली लागत जायची, तिथे छोटीच्या नावाची सातवी पितळी पट्टी लागली.

त्यानंतर छोटी खेळली नाही. वर्षभरात दुकानही सुटलं. कुणाच्या तरी डाव्या डोळ्याची काच उजव्या बाजूला बसवली आणि मालक हळूच म्हणाले, आता आराम करा. ताईला रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय मिळणार आहे? असं करता करता चार वर्षं गेली, आणि एक दिवस सेक्रेटरी घरी आला.

"कमिटीने ठरवलंय," तो ट्रेकडे बघत म्हणाला, "लहान मुलींच्या स्पर्धेत दरवर्षी एक कप द्यायचा. प्रामाणिक खेळाचा कप. तुमच्या नावाने. तुमची ती एकोणिसाव्या वर्षाची गोष्ट आम्ही सगळ्या मुलींना सांगतो. तुम्ही भाषणात तुमच्या तोंडून सांगायची."

छोटी लाजली. चार वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. सेक्रेटरी गेला, दोघी मटार सोलायला बसल्या, आणि छोटी भाषणाची तयारी करू लागली. "मी म्हणेन, मुलींनो, माझ्याकडे सात पट्ट्या आहेत, आणि सातही..."

"सहा," ताई म्हणाली.

निघूनच गेलं तोंडातून. मग सगळंच निघालं. गवत, स्टिक, अर्धा वळसा. छोटी एकेक दाणा सोलत राहिली.

"किती हलला?"

"एवढासा. अर्धा वळसा."

"कुठल्या बाजूला?"

"खाली. तुझ्या पायाकडे."

"आणि तू बघत होतीस."

"हो, बघत होते! बत्तीस वर्षं बघतच होते ना मी!" ताईचा आवाज चढला. "ओझं कुणी वाहिलं? बॉल कुणी शोधले? त्या फळीवर माझं नाव आहे कुठे? कुठेच नाही! एक, एकच पट्टी मला हवी होती गं. तू शेवटचं खेळणार होतीस, मला माहीत होतं. घेतली मी. चोरी म्हण, काय म्हणायचं ते म्हण."

छोटीने हातातली शेंग ताटलीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "माझ्याजवळ ती एकच तर गोष्ट होती, ताई. जिंकणाऱ्या पुष्कळ असतात." आणि ताटली बाजूला सारून उठली. "डॉक्टरीणबाईंकडे चल."

दवाखान्यात तान्ह्या बाळांचा वजनकाटा टेबलावर होता. बाहेर बाकावर तीन आया ताटकळत होत्या. छोटीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावलं.

"मी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या.



"मग सही का केलीत?" छोटीने विचारलं.

"तू हात वर करशील म्हणून थांबले. तू नेहमी करतेस. नाही केलास, तेव्हा लक्षात आलं, तुला दिसत नाहीये. मग काय करायला हवं होतं मी? दोनशे माणसांपुढे सांगायचं, बाई, तू आंधळी झालीस? पाच वेळा दुसरी आले होते, सहाव्यांदा आले. माझं काय जातंय?"

"ते पद तुमचं होतं."

"असेल." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तुझी कीव आली. खोटं कशाला बोलू?"

घरी येईपर्यंत छोटी एकच घोकत होती. कीव आली. ताईने "पायरी" म्हटलं तरी तिने ऐकलं नाही, आणि ठेचकाळली.

छोटीने सगळं सांगून फळीवरचं नाव काढायला सांगितलं, तर सेक्रेटरीने हात झटकले. "स्पर्धा संपली की निकाल कायम. तुम्हाला ठाऊकच नव्हतं, तर तुमची चूक नाही, नियमच तसा आहे. नाव काढता येणार नाही. आणि कपावर कोरूनही झालंय हो!"

तेवढ्यावर छोटी गप्प बसेल, तर ती छोटी कसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, मेंबर जेवून पांगलेले असताना, ती ताईला घेऊन हॉलमध्ये गेली. तिच्या हातात दुकानातला तो चिमुकला स्क्रू-ड्रायव्हर होता. फळीपुढे उभी राहून ती बोटांनी खालून पट्ट्या मोजू लागली. तिच्यानंतर चार वर्षं झाली, म्हणजे चार पट्ट्या सोडून पाचवी आपली, असा तिचा हिशेब. पण मध्ये एक वर्ष मैदान पाण्याखाली गेलं होतं आणि स्पर्धाच झाली नव्हती. ते तिच्या ध्यानातून निसटलं होतं. काच घासून घासून बोटांची कातडी राठ झालेली, पट्टीवर कोरलेले वर्षाचे आकडे त्यांना कळेनात. नाव तर दोन्हींवर तिचंच. तिने पाचवीचा डावा स्क्रू सैल करायला घेतला. ती सहावी पट्टी होती. खरीखुरी कमावलेली.

"हीच ना गं?" छोटीने विचारलं.

ताई फळीकडे बघत राहिली. गप्प बसलं तर? सहावी निघाली काय आणि सातवी निघाली काय, उरणार सहाच. छोटीच्या जिवाला शांतता मिळेल. आणि आपली ती एक पट्टी फळीवर राहील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं.  छोटी मान तिरकी करून, कोपऱ्यातून तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होती.

"नाही," ताई म्हणाली. "ही सहावी. ही तुझी आहे. हिच्या खालची."

छोटीचा हात थांबला. तिने स्क्रू पुन्हा आवळला, बोट एक घर खाली आणलं, आणि दोन्ही स्क्रू काढले. पट्टी सुटून हातात आली. तिने ताईचा हात चाचपून घेतला, पट्टी तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

"एवढंच तर बोलायचं होतंस, ताई, त्या दिवशी," छोटी म्हणाली. "एकच फटका गेला असता."