साहेबांच्या घराण्याचं शेवटचं प्रकरण

रिह्याच्या खोऱ्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या ऑस्ट्रियन माणसाच्या घराण्याचा इतिहास मी दोन वर्षं मराठीत आणत होते. त्या दोन वर्षांत मला त्या घराण्याचा जितका राग आला, तितका माझ्या स्वतःच्या सासरचाही कधी आला नसेल. सासरचा राग निदान घटस्फोटानंतर थोडा निवला. हा अजून निवत नाही.

मी मूळची लातूरकडची. हिंजवडीत जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करण्याची नोकरी करते आणि पिरंगुटात दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी राहते. तो म्हातारा ऑस्ट्रियन म्हणजे साहेब; ते उरवड्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आले आणि रिह्यातच राहिले. गावात त्यांना सगळे साहेबच म्हणतात. त्यांच्या घरातल्या बाईंना मी काकू म्हणायचे. काकूंचं माहेर मालं गावचं. वीसएक वर्षांपूर्वी रिह्याच्या देवळात, सगळ्या गावासमोर, दोघांनी एकमेकांना हार घातले. कचेरीत जाऊन नोंद करायची तेवढी राहिली. राहिली म्हणजे साहेबांनी राहू दिली, हे मला फार उशिरा कळलं.

घराणं तसं किरकोळ. पूर्वज धान्याचा व्यापारी. त्याने कुठल्याशा लढाईत सम्राटाच्या घोड्यांना चंदी पुरवली, म्हणून आडनावाआधी लावायला ‘फॉन’ आणि ढालीवर काढायला एक उभा बोकड मिळाला. पोरांनी मोराव्हियात, म्हणजे आताच्या चेक देशात, गढी घेतली, नातवंडांनी निम्मी उधळली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली तिथल्या सरकारने काढून घेतली. ‘फॉन’ तर त्याआधीच गेला होता. पहिलं महायुद्ध हरल्यावर ऑस्ट्रियाने कायदाच केला, की यापुढे कुणी सरदारकी मिरवायची नाही. म्हणजे गढी नाही, पदवी नाही, आणि बोकड फक्त साहेबांच्या अंगठीवर. तरी या लोकांचं एक कुलमंडळ आहे. काही वर्षांनी एकदा कुठल्यातरी हॉटेलात जमतात, जेवतात आणि कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतात. या खेपेला ते काम साहेबांच्या गळ्यात पडलं होतं. पडलं कसलं, त्यांनी ते मागून घेतलं होतं.

मला हे सगळं फार ओळखीचं होतं. माझ्या सासरच्यांचाही असाच जाडजूड कुलवृत्तांत आहे. लग्नात तो मला आहेर म्हणून दिला होता आणि पुढच्या आवृत्तीत आपलंही नाव येणार म्हणून मी वेड्यासारखी हरखले होते. पुढची आवृत्ती आली तोवर घटस्फोट झाला होता. माझ्या जागी दुसरी बाई छापली होती आणि मी त्या घरात कधी चहासुद्धा टाकला नव्हता असं झालं. नवरा गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.

साहेबांच्या पुस्तकाचं मराठी व्हावं हा हट्ट काकूंचा. साहेबांशी संसार मांडल्यापासून माल्याच्या भावांनी त्यांना तोडलं होतं. गोऱ्याने ठेवलेली बाई, असं ते चारचौघांत म्हणायचे. त्यात दुसऱ्या वर्षी थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. ती मुलगी लहानपणी काकूंच्याच कडेवर वाढलेली. काकूंनी निरोप धाडून पाहिला, तर भावाने उलटा निरोप पाठवला, की तो तुझा नवरा असेल तर तसं कुठे लिहिलेलं दाखव आणि खुशाल ये. तेव्हापासून काकूंच्या मनाने आणखीच घेतलं होतं, की साहेबांच्याच घराण्याचं छापील पुस्तक भावापुढे ठेवायचं.

दर रविवारी मी घोटवड्यावरून स्कूटर घेऊन रिह्याला जायचे. साहेब हाताने लिहिलेली जर्मन पानं पुढे ठेवायचे. काकू आधी भाकरी वाढायच्या आणि मग विचारायच्या, आमचं आलं का? अजून साहेबांचे खापरपणजोबाच चाललेत, असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, मरू द्या की मग लवकर. आणि आम्ही दोघी हसायचो. साहेबांना मराठी कळायचं ते कामापुरतंच; त्यांना वाटायचं, आम्ही भाजीबद्दल बोलतोय.

फाल्गुनात शेवटचं प्रकरण हाती आलं. साहेबांनी त्यात स्वतःबद्दल लिहिलं होतं आणि छान लिहिलं होतं, हे कबूल करायला हवं. खोऱ्यातलं धुकं होतं. शिजणाऱ्या इंद्रायणीचा वास होता, चुलीवरची भाकरी होती, परसातली मेथी होती. मेलेल्या कुत्र्याचं नावसुद्धा होतं. मोराव्हियातली गढी गमावलेल्या घराण्याने या डोंगरांत आपली शेवटची जहागीर वसवली, असं एक भारदस्त वाक्य होतं. ती भाकरी कोणी थापली, ती मेथी कोणी लावली, याबद्दल अक्षर नव्हतं. पानाच्या तळाशी त्यांच्या रीतीप्रमाणे जन्मसाल, जन्मगाव आणि पुढे एक शब्द: अविवाहित.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी साहेबांना विचारलं, हे काय आहे? त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मंडळाच्या नियमात चर्चमधलं लग्न चालतं, सरकारी नोंद चालते, देवळातला हार चालत नाही. मग आता नोंद करा, मी म्हटलं, उद्या रजा टाकते आणि तुम्हा दोघांना पुण्याला कचेरीत नेते.  नोंद केली तरी मंडळाची संमती लागते, ते म्हणाले, आणि शेतकऱ्याच्या मुलीला ती मिळायची नाही. त्यांच्या सख्ख्या आत्याने एका पाववाल्याशी लग्न केलं, तर त्यांच्या वडिलांनी तिला पुस्तकातून काढून टाकलं होतं. संमती मागून नकार घेण्यापेक्षा न मागितलेली बरी, असं त्यांना देवळात हार घातले तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटत होतं.

मी आवाज चढवला. ज्यांची सरदारकी कायद्याने पुसली त्यांच्या नियमांना तुम्ही इथे येऊन, या वयात, कशाला भिता, असं विचारलं. ज्या जमिनीला तुम्ही जहागीर म्हणता ती काकूंची आहे, त्यांना आईकडून आलेली आहे, परदेशी माणसाला इथे गुंठाभर शेतजमीन घेता येत नाही, हेही ऐकवलं. साहेब म्हणाले, तो तपशील झाला.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. जर्मन त्यांना कळत नाही, पण आमची तोंडं कळत होती. त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, मराठीत मी घालते तुमचं नाव, पत्नी म्हणून. साहेबांना मराठी वाचता येत नाही आणि तुमच्या भावांना जर्मन येत नाही, कोणाला कळणार आहे?

“नको,” काकू म्हणाल्या. “त्येंनी लावलं न्हाई त्ये तुमी कशाला लावताय? तुमच्या हातचं कुंकू लावून मी माल्याला जाऊ व्हय?”

त्यांनी कप खाली ठेवले. घराबद्दल, जमिनीबद्दल काय लिहिलंय ते विचारलं. मी जहागिरीचं वाक्य मराठीत सांगितलं. त्या मला म्हणाल्या,

“त्येला म्हणावं, जमीन माजी हाय. हितं एका बाईच्या घरात भाड्यानं ऱ्हातो, आसं लिव.”

मी ते शब्दशः जर्मनमध्ये सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस शरमेल. पण साहेबांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. घरमालकिणीचा उल्लेख करायला नियमाची काही आडकाठी नव्हती. त्यांनी जहागिरीवर रेघ मारली आणि मला विचारलं, हिच्या आईवडिलांची नावं काय? घराण्यातल्या पाच पिढ्यांच्या बायकांची माहेरची नावं त्यांना तोंडपाठ होती.

काकू हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. साहेबांनी काकूंकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, राहू दे, ‘एक स्थानिक बाई’ पुरेल.

त्यांनी तसं लिहिलं. काय लिहिलं, असं काकूंनी मला विचारलं आणि मी सांगितलं. वैशाखात त्या माल्याला गेल्या नाहीत.