चित्र वाजवायला शिकवणाऱ्या शमीम मॅडम

शमीम मॅडमची आणि माझी पहिली भेट पिठाच्या गिरणीत झाली. वीज गेलेली होती. डबे रांगेत लावून आम्ही बायका ओट्यावर बसलो होतो. शेजारी पांढऱ्या ओढणीतल्या एक बाई मोबाइलमध्ये काहीतरी निरखून पाहत होत्या. मी डोकावले. काळपट धुरात मध्येच एक उजळ गाठोडे दिसत होते. माझ्या सुनेची सोनोग्राफी नुकतीच झालेली असल्यामुळे मी सहज विचारले, "कोणाचं बाळ?"

त्या हसल्या नाहीत. चित्र माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "ताई, बाळच आहे. ताऱ्याचं. धुळीच्या ढगात जन्मतंय. अंतराळातल्या दुर्बिणीनं टिपलंय."

मी विचारले, "तारे जन्मतात?" वीज येईपर्यंत त्या मला तेच सांगत होत्या. वीज आली, माझा नंबर आला, तरी मी डबा उचलला नाही, म्हणून गिरणीवाला ओरडला.

मॅडमनी नोकरीची बहुतेक वर्षे धडगावला विज्ञान शिकवण्यात घालवली. घाटातून जीपमध्ये दाटीवाटीने बसून जायचे-यायचे, आणि घरी आल्यावर भावाच्या बांगड्यांच्या दुकानातही हातभार लावायचा. हे सगळे त्यांचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी दहावी शिकलेली, खापर गावच्या दत्तमंदिरातल्या महिला भजनी मंडळाचा जमाखर्च ठेवणारी बाई. मला ठाऊक आहे तो त्यांचा आकाशवर्ग. निवृत्तीनंतर त्यांनी तो सुरू केला आणि दर गुरुवारी भजन आटोपले की तो आमच्याच सभामंडपात भरतो. जागा मीच सुचवली होती. चित्र पाडायला भिंत पांढरी, पंखे चालू, सतरंजी अंथरलेलीच. वेगळा खर्च काही नाही.

मॅडमची एक शिस्त आहे. दुर्बिणीचे रंगीत, झगझगीत चित्र त्या कधीही पहिले दाखवत नाहीत. आधी करडे, ठिपक्याठिपक्यांचे, जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखे दिसणारे मूळ चित्र दाखवतात. मग सांगतात की ही दुर्बीण आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पाहते. त्याला आपल्या ओळखीचा रंग नाही. म्हणून शास्त्रज्ञ नियम ठरवून रंग देतात. एकदा त्यांनी एकाच ढगाची तीन करडी चित्रे आणली आणि आमच्याकडून तीन रंगांच्या रांगोळीने ती एकावर एक भरून घेतली. फरशीवर ढग उमटला. मला मात्र राहवले नाही. "मॅडम, रंग आपणच भरले, मग हे खोटंच की."

"भरले हे लपवलं तर खोटं," त्या म्हणाल्या. "कुठला रंग कशासाठी, हे सांगून भरला तर नाही." हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे उत्तर पटायला वेळ लागला नाही.

त्यांचा मायाळूपणाही असाच कामातून दिसतो. आमच्या मंडळातल्या सोनाबाई डोंगरातल्या गावाहून लेकीकडे राहायला आलेल्या, मोतीबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. भिंतीवरचे चित्र पाहून सगळ्या 'अगं बाई' म्हणायच्या आणि सोनाबाई नुसत्या मान हलवायच्या. पुढच्या गुरुवारी मॅडमनी पुठ्ठ्यावर खळीने तारकापुंज चिकटवून आणला: मोठे तारे हरभऱ्याचे, मधले मुगाचे, बारीक राईचे. सोनाबाईंनी बोटे फिरवली आणि मधोमध थांबून म्हणाल्या, "इथं फार गर्दी आहे." मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडून ते वदवून घेतले. पुठ्ठ्याचे काम झाल्यावर धान्य फेकायचे माझ्या जिवावर आले. मी ते सोडवले, धुतले, खिचडीत घातले. मॅडमना कळले तेव्हा म्हणाल्या, "काय ताई, आज किती तारे पचवले?"

आता मुख्य प्रसंग सांगते. तो सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

आमच्या मंडळाच्या प्रमुख विमलकाकू. पेटी त्याच वाजवतात. काका गेल्यापासून त्या पहाटे मोबाइलवर एक आवाज लावून बसत. घुमणारा, लांबलचक. कुणीतरी त्यांना तो पाठवला होता आणि सोबत लिहिले होते की सूर्यातून निघणारा ॐकार अंतराळातल्या दुर्बिणीने पकडला आहे. एका गुरुवारी काकूंनी तो वर्गात मोठ्याने लावला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मॅडम, आते हाऊ ऐका! दुर्बीनमा पकडा शे. हाऊ ॐ सगळासले दाखाडा."

मंडपात सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मॅडम आवाज संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "काकू, आवाज सुंदर आहे. पण हा दुर्बिणीनं पकडलेला नाही. अंतराळात हवाच नाही, तिथून आवाज येऊन दुर्बिणीला लागत नाही. दुर्बीण प्रकाश पाहते. त्याचा आवाज माणसं नंतर बनवतात, रंगासारखाच, नियम ठरवून. आणि हा तर तसाही बनवलेला वाटत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. मागून मंडळातली मंदा पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू गेले. "मॅडमले आपला ॐ कसा पटी?"

काकूंनी मोबाइल पदरात गुंडाळला. "मॅडम, पुढला गुरुवारपासून वर्ग दुसरीकडे भरा. मंदिरमा नको." काकूंचा शब्द मंडळात शेवटचा असतो. वर्ग बंद पडणार हे मला दिसत होते. दुसरी जागा गावात कुठे होती?

मॅडम रागावल्या असत्या तर मला नवल वाटले नसते. त्या मंदाकडे वळून म्हणाल्या, "मंदा, आमच्या घरीही एक निरोप फिरतो, चंद्रावर अजान ऐकू आली म्हणून. मी माझ्या मोठ्या भावाला हेच सांगितलं, तिथं हवा नाही. भाईजान कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही." मंदालाही हसू आवरले नाही. मग त्या काकूंना म्हणाल्या, "एक गुरुवार द्या. पेटी तुम्ही वाजवा. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

पुढच्या गुरुवारी भिंतीवर एका ढगाचे चित्र होते. मॅडमनी नियम सांगितला. मॅडमच्या हातातली काठी चित्रावर डावीकडून उजवीकडे सरकेल. तारा वर असेल तर वरचा सूर, खाली असेल तर खालचा. ठळक असेल तर भाता जोरात, मंद असेल तर हळू. काकू तोंड फुगवूनच बसल्या होत्या, पण पेटी समोर आली की त्यांचे हात ऐकत नाहीत. काठी सरकू लागली, सूर निघू लागले. सगळे वेडेवाकडे.

"काकू, पेटीवर मांजर चालनी का वं?" मंदा म्हणाली आणि मंडप हसला.

"गप बस. चित्रंच तसं शे," काकू म्हणाल्या. पहिल्यांदा त्या चित्राच्या बाजूने बोलल्या.

मधे काळा ढग आला. तिथे एकही तारा नव्हता. काकूंनी बोटे उचलली, भाता मात्र चालू ठेवला. पेटीचा नुसता श्वास ऐकू येत राहिला. ढग संपला, पुन्हा सूर सुरू झाले.

"इथं काहीच नही का?" काकूंनी विचारले.

मॅडमनी चित्र बदलले. "हीच जागा. मघाचं चित्र डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातलं होतं, हे न दिसणाऱ्या. हा प्रकाश धुळीतून आरपार येतो. वाजवा."

काठी पुन्हा सरकली. डावीकडचे तारे पहिल्यासारखेच वाजले. मग ती काळी जागा आली, आणि तिथे काकूंना बोटे पुरेनात. वर, खाली, वर, मधे. जिथे मघाशी श्वास होता तिथे सुरांची झुंबड. सोनाबाई माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, ढगात माणसं होती!" त्यांना चित्र दिसत नव्हते. तरीही दोन चित्रांतला फरक त्यांना आमच्याइतकाच समजला.

काकूंनी दोन्ही चित्रे पुन्हा वाजवली. मग पुन्हा. शेवटी पेटी मिटून म्हणाल्या, "मॅडम, हाऊ आवाज आपन बनाडा."

"हो."

"पन तारा खरा शेतस."

"तारे खरे आहेत. आणि आवाज कसा बनवला ते आपण कुणालाही सांगू शकतो."

काकू सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "मन्हा मोबाइलमधला तो आवाज मी ऐकसूच. माले त्याना आधार शे. पन दुर्बीननी पकडा अस सांगीसन आते कोनले धाडाव नही." उठता उठता मंदाला म्हणाल्या, "मॅडमनी काठी नीट ठेव. गुरुवारले लागी."

नामस्मरणाला बसते तेव्हा ॐ म्हणताना माझ्या मनात कसलीही खोट येत नाही. त्याला दुर्बिणीची साक्ष लागत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. मॅडमनी हे कधी बोलून दाखवले नाही. माझ्या देवाला त्यांनी हातही लावला नाही आणि खऱ्यालाही ढळू दिले नाही. असे करणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

मॅडम, तुमचे गुडघे दुखतात आणि तुम्ही ते कुणाला सांगत नाही. यापुढे सांगत जा. मंदिराच्या पायऱ्यांना कठडा बसवायचा ठराव मंडळाने केला आहे, आणि तो काकूंनी मांडला आहे. दत्तगुरू तुम्हाला निरोगी शंभरी देवोत. वर दुर्बीण अजून पाहतेच आहे, आणि तिने पाहिलेले आम्हाला तुमच्याच काठीमागून ऐकायचे आहे.