गरीब मशीन

लोणी देवकरच्या शेडमधी जुन्या मशिनी इकणारा त्यो दलाल कंच्याबी मशिनीला थोपटून एकच म्हनतो, "लई गरीब हाय वो, लाथ मारायची न्हाय." जशी काय म्हसच! ह्यांनी नोकरी सोडून तसली लोखंड कापायची सीएनसी घ्यायचं मनात धरलेलं, आन मला फसगतीचं भ्या, म्हनून लेकरू काखंला मारून मीबी दर खेपंला मागं जायची.

मी भीत भीत म्हनलं, "चालू करून दावा की."

"करा की! बटण तुमीच दाबा, पावनं."

ह्यांनी बटणाकडं हात नेला, तसं त्यानं माझ्याकडनं लेकरू घेतलं. "उकडतंय वो त्याला, वैनी," म्हनत गेला त्यो पार फाटकापाशी, लेकराच्या कानावर हात धरून उभा.

मशीन सुरू झाली, दिवं लागलं, ह्ये खूश.

"एवढी गरीब हाय, तर लेकरू घिऊन लांब का पळाला वो?" मी वराडले.

त्यो हसतच आला. "चला वैनी, पलीकडं दुसरी हाय."

ह्यांनी दुसरीचं बटण दाबलं तवा मी मशिनीकडं बघितलंच न्हाय. त्याच्या पायांकडं बघत हुते.

पाय हललं न्हाईत.