शिगेहारूंची वाळवणाची खोली

माणसं डोंगर सोडून का जातात, याचं उत्तर शिगेहारूंकडे कायम तयार असायचं. "पाय गारठतात म्हणून." आमच्या तोचिमोरी गावातली शाळा बंद झाली, पोस्ट हललं, दातांचा डॉक्टर गाव सोडून गेला, आणि शिगेहारूंचा एकुलता मुलगाही नागोयाला गेला तो गेलाच. या सगळ्यांचे पाय गारठले होते, असं त्यांचं प्रामाणिक मत. डॉक्टरबद्दल मला शंका आहे. तो कधी बर्फात उतरलाच नव्हता.

मुलाबद्दल मात्र त्यांच्याकडे पुरावा होता. पोरगं सोळाचं असताना स्नोबोर्डसाठी वेडं झालं होतं. एका कडाक्याच्या सकाळी शिगेहारूंनी मायेपोटी त्याला एकावर एक दोन जाड मोजे चढवले आणि बूट करकचून आवळले. दोन मोज्यांत पाय गुदमरला, रक्त अडलं, बोटं पांढरीफटक झाली. बोटं वाचली, पण त्या पोरानं बोर्ड पुन्हा हातात धरला नाही. पुढे शिकायला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. फुमिएबाई, म्हणजे शिगेहारूंची बायको, म्हणायच्या, "अहो, त्याला नोकरी लागली म्हणून तो राहिला. मोज्यांचा काय संबंध?" शिगेहारू यावर उठून स्टोव्हमध्ये लाकूड सारत.

तो स्टोव्ह वाळवणाच्या खोलीतला. शिगेहारूंच्या घरी बोर्डवाले पाहुणे भाड्यानं उतरायचे त्या खोल्या तशा यथातथाच. भिंती पातळ, शेजारचा घोरला तर आपली झोप गेलीच. पण वाळवणाची खोली अशी, की आजूबाजूच्या पाहुणघरांनी हेवा करावा. चारी भिंतींना लाकडी खुंट्या, मधोमध लोखंडी स्टोव्ह, वर आडव्या काठ्यांवर जाकिटं आणि विजारी. बूट खाली तोंड करून टांगलेले, पोटात जुनी वर्तमानपत्रं. संध्याकाळी सगळ्यांचे मोजे एकदम वाफाळायला लागले, की त्या खोलीत पाय ठेवायला धीर लागायचा. शिगेहारू तिथे डोळे मिटून बसत. मी एकदा नाकाला पदर लावण्यासारखा चेहरा केला, तर म्हणाले, "हा वास आहे तोवर गाव आहे, समजलं?"

डोंगरावर माणसं नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी माझं उदोनचं, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांचं, दुकान. तारेला लटकलेल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या माझ्या खिडकीसमोरून वर जायच्या, आणि कोणाच्या हातात काय आहे, गळ्यात काय आहे, यावरून मला कळायचं की हे पाखरू शिगेहारूंच्या घरचं. त्यांचा पाहुणा ओळखायला एक खूण पुरे. बाकीचे बोर्डवाले बर्फात फतकल मारून बसतात आणि उठतात तेव्हा विजारीचा मागचा भाग भिजलेला असतो. शिगेहारूंचा पाहुणा कोरडा उठायचा. न्हाणीघरातल्या फोमच्या पायपुसण्या कापून ते त्यांची पट्टी विजारीच्या आत कमरेला बांधून देत. चालताना माणूस बदकासारखा दिसे, पण कोरडं बदक. फुमिएबाईंना दर हिवाळ्यात नवी पायपुसणी आणावी लागे.

पाहुणा दारात आला, की शिगेहारू आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, शिवण बोटांवर येता कामा नये. हवा लागली की आपोआप तापणारी गरम पुडी तळव्याखाली नाही, बोटांच्या वर. गळ्यात मफलर नाही, कारण तो सुटतो आणि अडकतो. तिथे लोकरीची विणलेली नळी, नाकापर्यंत ओढता येणारी. मोठ्या हातमोज्याच्या आत पातळ रेशमी हातमोजा, म्हणजे बूट आवळायला मोठा काढला तरी बोटं उघडी पडत नाहीत. आणि हातमोजे मनगटाला दोरीनं बांधलेलेच हवेत.

या दोरीवरून एकदा घरात रामायण झालं. ती किमोनोच्या जुन्या पेटीतून आलेली होती.

"अहो, सासूबाईंच्या लग्नातली आहे ती."

"मग बरंच आहे. आईला कधी लिफ्टमध्ये बसायला मिळालं नव्हतं."

दोरीचं एवढं कौतुक का, तर लिफ्टमधून हातमोजा पडला की तो गेला. खाली माणूसभर बर्फ. वसंतात बर्फ वितळलं की अख्खं गाव पाठीला टोपल्या अडकवून लिफ्टच्या तारेखालून डोंगर चढायचं आणि हिवाळाभर पडलेलं सगळं गोळा करायचं. मोबाइल, गॉगल, एकदा तर कवळी. शिगेहारू फक्त हातमोजे घेत. घरी नेऊन धूत, कातडीच्या हातमोज्यांना तेल लावत आणि वाळवणाच्या खोलीतल्या मागच्या भिंतीवर टांगत. सगळे एकेकटे. "धनी येईल विचारत," म्हणायचे. विचारत कोणी आल्याचं मला आठवत नाही.

मग बर्फ कमी व्हायला लागलं. एक हिवाळा कसातरी, पुढचा त्याहून कसातरी. पाहुणे मोठ्या डोंगरांकडे वळले, जिथे यंत्रानं बर्फ करतात. आमची लिफ्ट गावकऱ्यांच्या समितीची. समितीचा मुख्य कुवाबारा, शिगेहारूंचा बालमित्र, भातशेतीवाला. गेल्या शरदात त्यानं सभा बोलावली आणि खाली बघत म्हणाला की लिफ्ट बंद करावी. बहुतेकांच्या माना आधीच हलत होत्या. लिफ्ट नाही म्हणजे बोर्डवाले नाहीत, आणि बोर्डवाले नाहीत म्हणजे शिगेहारूंच्या खोलीत वाळायला काही नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

तेव्हा शिगेहारू उभे राहिले. "माझ्या परसातलं पर्सिमनचं झाड बघून या. मग हात वर करा."

सभा उठून परसात गेली. आमच्याकडे तो हात जोडून बसणारा हिरवा किडा, प्रार्थनाकीटक, शरदात अंड्यांचा फेसाळ गोळा झाडाला चिकटवतो. गोळा जितका उंच, तितका बर्फाचा थर जाड. आपली अंडी बर्फाखाली जाऊ नयेत एवढी अक्कल किड्याला असते, असं आम्ही आजोबांपासून ऐकत आलो. आणि गोळा होता कुठे, तर कुवाबाराच्या डोक्याच्याही वर. कुवाबारानं हात उंच करून बघितला, पोचला नाही. मग बोटांवर उभा राहिला. या माणसाकडे उपग्रहावरून चालणारा ट्रॅक्टर आहे. तरी त्याचा चेहरा उजळला.

तिथेच झाडाखाली ठरलं. आणखी एक हिवाळा. मात्र फेब्रुवारीत राक्षस हाकलायचा सण येतो, त्या दिवसापर्यंत लिफ्ट सुरू झाली नाही, तर ती कायमची बंद. सगळ्यांनी हात वर केले. मी तर दोन्ही केले असते, पण एकात चहा होता.

डिसेंबरात हंगामाची पूजा झाली. पुजारी आला, पण उतारावर तपकिरी गवत. पूजेला बर्फ तर हवं, म्हणून कुवाबारानं वरच्या खिंडीतून छोट्या ट्रकमधून बर्फ आणलं आणि लिफ्टसमोर न्हाणीच्या पिंपाएवढा ढीग घातला. पुजाऱ्यानं मंत्र म्हटले, वर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली. साके गरम नव्हती, तरी ढिगाला भोक पडलं. आम्ही सगळे त्या भोकाकडे बघत वाकून उभे राहिलो.

शिगेहारू रोज परसात जाऊन गोळ्याकडे बघून येत. "उशीर आहे, नाही असं नाही," म्हणत. सगळे मोजे त्यांनी पुन्हा एकदा धुतले. नव्या पायपुसण्या कापून ठेवल्या. जानेवारीभर पाऊस पडला.

फोन एकच यायचा, मिझुहोचा. ही सैतामाच्या एका इस्पितळातली परिचारिका. पूर्वी घोळक्यानं येणाऱ्यांतली उरलेली शेवटची.

"काका, बर्फ आहे का?"

"येतंय."

"गेल्या आठवड्यात पण येतंयच म्हणालात."

"म्हणजे आता जवळ आलं असेल."

ती सणाच्या आदल्या दिवशी बोर्ड घेऊन आली. बसमधून उतरली, डोंगराकडे बघितलं आणि बोर्ड खांद्यावर टाकून घराकडे चालू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिगेहारूंनी तिला नखशिखांत सजवलं. मोजे, पुड्या, पट्टी, नळी, आतले हातमोजे, बाहेरचे हातमोजे, सासूबाईंची दोरी, हेल्मेटखालची पातळ टोपी. तिनं सगळं निमूट घालून घेतलं आणि त्या अवतारात ती माझ्या दुकानासमोरच्या बाकावर उन्हात येऊन बसली. मागे गवत, त्यावर थांबलेल्या खुर्च्या.

"काका, घाम फुटलाय."

"घाम वाईट. घामानंच मग गारठतं. आतलं बनियन बदल."

"गारठेन कशानं?"

शिगेहारूंनी वर आकाशाकडे बघितलं. निळंभोर. "दुपारनंतर पालटेल," ते म्हणाले. मी तिच्यापुढे उदोनची वाटी ठेवली. तिनं हातमोजे काढले, ते मनगटांना लोंबत राहिले, आणि ती घाम पुसत पुसत जेवली. पट्टी काही तिनं सोडली नाही.

संध्याकाळी राक्षस हाकलायचा कार्यक्रम. इतर ठिकाणी भाजलेले सोयाबीन उधळतात; आम्ही बर्फाच्या मुलखातले लोक भुईमुगाच्या शेंगा उधळतो, कारण दाणे बर्फात हरवतात आणि शेंगा सापडतात. दरवर्षी राक्षस होतो कुवाबारा. लाल मुखवटा, गवताचा झगा. घरोघरी जाऊन शेंगांचा मार खातो. शिगेहारूंच्या दारात तो आला तेव्हा मीही तिथे होते, कारण फुमिएबाईंनी शेंगा जास्त भाजल्या होत्या. आम्ही पसे भरून तयार. पण कुवाबारानं आरडाओरडा केला नाही. त्यानं मुखवटा डोक्यावर सारला.

"शिगे, आज सण."

"माहीत आहे."

"परवा माणसं येतील. आधी खुर्च्या उतरवतील, मग तार."

शिगेहारूंनी शेंगा ओंजळीतच धरून ठेवल्या. "गोळा बरोबर सांगतोय. तुझ्या डोक्याच्या वर होता. तू हात उंच करून बघितलास."

"शिगे, तो किडा आहे. त्याला काय कळतंय?"

"सभेत नाही म्हणालास असं."

कुवाबाराच्या डोक्यावरचा मुखवटा छताकडे बघून दात विचकत होता. "सभेत मलाही ते खरं असावं असं वाटत होतं," तो म्हणाला.

मग काहीतरी करायला हवं म्हणून फुमिएबाईंनी हलकेच एक मूठ फेकली. शेंगा बर्फात पडतात तेव्हा आवाज होत नाही. त्या दिवशी त्या अंगणातल्या दगडांवर टकटक वाजल्या, चिखलात रुतल्या. राक्षसानं वाकून दोन-चार उचलून दिल्या आणि पुढच्या घरी गेला.

सकाळी मिझुहो निघाली. धुवून घडी केलेली पट्टी तिनं शिगेहारूंच्या हातात दिली.

"काका, इतकी वर्षं आले. एकदाही माझे पाय गारठले नाहीत."

शिगेहारू खुश होतील असं तिला वाटलं असावं. ते तिच्याकडे बघतच राहिले. बस वळणाआड गेली तरी पट्टी हातात धरून उभे होते. "पाय गरम होते," ते मला म्हणाले. "हिचे तर गरम होते." मग पट्टीची घडी पुन्हा नीट करून ते घराकडे वळले.

खुर्च्या उतरल्या. एक मी मागून घेतली, दुकानाबाहेर ठेवली आहे. बसल्यावर पाय जमिनीला टेकतात हे अजून विचित्र वाटतं. वसंत आला तेव्हा टोपल्या घेऊन कोणी निघालं नाही. हिवाळाभर लिफ्ट फिरलीच नाही, तर पडणार काय? शिगेहारू एकटे गेले. खांबांच्या ओळीनं वरपर्यंत चढले आणि रिकामी टोपली घेऊन खाली आले. पर्सिमनच्या झाडावरचा गोळा तेवढ्यात फुटला होता, आणि हिरवी पिल्लं शेकड्यांनी, हात जोडून, खोडावरून उतरत होती.

मे महिन्यात, भाताची लावणी चालू असताना, त्यांच्या धुराड्यातून धूर दिसला. मी धावतपळत गेले. फुमिएबाई ओट्यावर मुळा किसत होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "रोज पेटवतात."

वाळवणाच्या खोलीत स्टोव्ह फुललेला. काठ्या मोकळ्या, खुंट्या मोकळ्या. मागच्या भिंतीवरचे एकटे हातमोजे इतके वाळले होते की बोटं कडक होऊन पुढे आली होती. वास कसलाच नव्हता. शिगेहारू स्टोव्हसमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"मोजे ओले आहेत का गं तुझे?"

मी खाली बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं, वाट कोरडी होती.

"नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि स्टोव्हमध्ये आणखी एक लाकूड सारलं.